वस्तादाचं उपरणं

चिंचगाव आणि हुणसनाळ ही दोन गावं एकाच झाडाच्या नावानं वसलेली. इकडच्या मराठी तोंडात ती चिंच, तिकडच्या कानडी तोंडात हुणसे. सोयरिकी एकमेकांत, बाजार दोघांचा मुडबीला आणि वीरभद्राचं देऊळही दोघांत मिळून एकच, मधल्या माळावर. एवढं सगळं एक असूनही दुष्काळ पडला की ही माणसं एकमेकांची डोकी फोडायला निघत, कारण त्या माळावरचं गवत दोन गावांच्या जनावरांना पुरत नसे. चिंचगाव जागीरदाराच्या जागिरीतलं, हुणसनाळ दिवाणीतलं, म्हणजे थेट निजाम सरकारचं. माळ कुणाच्या अंमलात, याचा निवाडा हैदराबादेत कुणी करीना, आणि तालुक्याचा पोलीस अमीन दोन्हीकडच्या कोंबड्या खाऊन तुमचं तुम्ही बघा म्हणून मोकळा होई.

म्हणून जुन्या लोकांनी एक तोड काढली होती. ज्या साली पाऊस दगा देईल त्या साली दोन्ही गावांनी आपापला एकेक गडी द्यायचा. देवळामागच्या लाल मातीत लंगोटावर लढायचं, हातात काही घ्यायचं नाही. पाठ टेकली की कुस्ती संपते. ही लढत तशी संपत नसे. एक तर एकाला उठता येऊ नये, नाहीतर त्याच्या वस्तादानं खांद्यावरचं उपरणं मातीत टाकावं. उपरणं पडलं की लढत तिथल्या तिथं थांबली, गडी वाचला आणि गवत गेलं. जिंकणाऱ्यानं देवळातला शंख शिवेच्या दगडावर उभं राहून फुंकायचा, मग त्याच्या गावची गुरं माळावर चढायची. बायकांनी त्या मातीकडं फिरकायचं नाही. त्या खाली पायथ्याच्या बाभळींत बसून शंखाची वाट बघत.

मागच्या दुष्काळात चिंचगावचा गडी होता हरिबा वस्तादाचा एकुलता एक मुलगा, अंकुश. हुणसनाळच्या निंगप्पानं त्याला मातीत पालथा घातला, कमरेत गुडघा रोवला आणि हनुवटीखाली दोन्ही हात घालून मान मागं ओढली. गाव बघत होतं. हरिबाचं उपरणं खांद्यावरच राहिलं. मान मोडल्याचा आवाज पुढच्या रांगेतल्या माणसांना ऐकू आला, आणि त्यातले काहीजण अजूनही पायाखाली वाळली काडी मोडली की दचकतात.

अंकुशची आई चंद्रभागाबाई. तिनं नवऱ्याला एकदाच विचारलं, उपरणं का टाकलं नाही म्हणून. हरिबानं खाली बघतच सांगून टाकलं की गड्यानं मातीवर हात आपटून खूण केल्याशिवाय वस्तादाला उपरणं टाकता येत नाही, रीतच आहे तशी, आणि अंकुशनं हात आपटला नाही. अशी काही रीत नव्हती. उपरणं कधी टाकायचं हे सर्वस्वी वस्तादाच्या मर्जीवर. हे गावातल्या प्रत्येक गड्याला ठाऊक होतं, पण मेलेल्या पोराच्या आईजवळ जाऊन हे सांगणार कोण? बाईनं नवऱ्याचा शब्द खरा मानला आणि राग धरला तो मेलेल्या लेकावर. त्याच्या नैवेद्याचं ताट मांडून ती त्यालाच बोलायची, की हात आपटला असतास तर काय बिघडलं असतं रे, एवढा कसला मेला ताठा. हरिबा ओसरीवर बसून हे ऐकायचा आणि उठून तालमीत निघून जायचा.

खरं होतं ते असं: हरिबाला वाटलं होतं पोरगा उठेल. वस्तादाचा पोरगा, आणि त्याच्यासाठी बापानं गवत सोडलं असं लोकांनी म्हणू नये. एवढ्या विचाराला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सगळं आटोपलं.

त्यानंतर पाऊसपाणी बरं झालं, गुरं दोन्हीकडची मिळून चरली, निंगप्पा चिंचगावच्या लग्नांत येऊन जेवूनही गेला. हरिबा मात्र प्रत्येक आषाढात आभाळाकडं बघायचा आणि दुष्काळ पडावा म्हणून देवाला हात जोडायचा. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून असा नवस करणारा माणूस दुसरा कुठं सापडायचा नाही. शेवटी निजामाच्या जुबिलीच्या आदल्या साली देवानं त्याचं ऐकलं. श्रावण कोरडा गेला, तळ्याचा गाळ भेगाळला आणि गुरं झाडपाला ओरबाडू लागली. सगळं गाव तोंड वाळवून बसलं होतं, आणि हरिबा तालमीची माती नव्यानं खणत होता. त्यानं तिच्यात हळद घातली, तेल घातलं, ताक घातलं आणि पोरांना हाक मारली.

तालीम आधीही कडकच होती. आता तिचा कसाईखाना झाला. पहाटे जोर-बैठका सुरू व्हायच्या त्या एखादा तोंडावर पडेपर्यंत. पडलेल्याच्या पाठीवर हरिबाची वेताची काठी पडायची आणि तो पुन्हा उठायचा. पाय चपळ व्हावेत म्हणून तो लाठी घेऊन मधोमध उभा राहायचा आणि पोरांच्या नडग्यांवर सपकन फिरवायचा. ज्याला वेळेवर उडी मारता आली तो वाचला, बाकीच्यांच्या नडग्या फुटल्या. त्या जखमांवर तालमीची माती चोळायची आणि पुन्हा उभं राहायचं. अंगात लवचिकपणा यावा म्हणून मागं कमान टाकायला लावायचा आणि कमान वाकेना तर पोटावर गुडघा देऊन वाकवायचा. एकाच्या पाठीत उसण भरली ती कायमची. त्याच्या बापानं तालमीच्या दारात येऊन हरिबाच्या सात पिढ्या उद्धारल्या. हरिबानं त्याला पाणी दिलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि तो गेल्यावर परत काठी उचलली.

एवढ्या सगळ्यांतून दोघे वर आले. एक श्रीमंत. नावाचा श्रीमंत, घरी दोनच बैल, अंगावर मांस असं नाहीच, पण दिवसभर बैलांमागं धावूनही धाप न लागणारा गडी. दुसरा ईरण्णा, वीरभद्राच्या पुरवंताच्या घरातला. पुरवंत म्हणजे जत्रेत देवापुढं तलवार घेऊन नाचणारे आणि शंख वाजवणारे. बाप लहानपणीच वारलेला, आई दानम्मानं एकटीनं वाढवलेला. सहा फूट उंच, मान बैलाची, आणि हाताच्या पंज्यात नारळ धरला तर दिसेनासा व्हावा. हरिबा त्याला माती चढलेल्या अंगानं उभा बघायचा आणि मनात त्या दोन हातांमध्ये निंगप्पाची मान ठेवून बघायचा.

गडी ठरवायची चिंचगावची पद्धत होती, सगळं गाव पाराभोवती जमून अंगाचा एकेक गुण पारखून घ्यायचं. दोघांनाही मारुतीपुढचा गुंड उचलायला लावला. गुंड म्हणजे वाटोळा घडीव धोंडा, तेल पिऊन गुळगुळीत झालेला, धरायला कुठं जागा नाही. श्रीमंतानं तो कसाबसा छातीपर्यंत आणला. ईरण्णानं खांद्यावर घेतला, क्षणभर ठेवला आणि मागं असा टाकला की पाराचा चिरा फुटला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग उधळलेलं खोंड वेशीबाहेर जायच्या आत शेपटीला धरायचं. ते दोघांनीही धरलं, ईरण्णानं तर ओढून खालीच बसवलं. भरली घागर डोक्यावर घेऊन विहिरीच्या काठावरून फिरून यायचं, खाली खोल कोरडा खडक. श्रीमंताची घागर हिंदकळली, ईरण्णाची नाही. मागं वाकून लिंबाचं पान दातांनी उचलायचं. एवढा आडमाप देह, पण तोही वाकला.

राहिला दम. दम पारखायचा तो असा की पाठीवर ओल्या वाळूचं पोतं घेऊन पारापासून धावत निघायचं, माळाची चढण चढून देवळापर्यंत जायचं आणि थांबून श्वास न घेता तसाच शंख तोंडाला लावायचा. गाव खाली पाराशी बसून ऐकायचं. ज्याचा शंख लांब वाजला त्याच्या छातीत दम जास्त. वर देवळाशी फक्त वस्तादानं उभं राहायचं.

श्रीमंत आधी पोचला. त्यानं शंख उचलला आणि फुंकला. आवाज निघाला, तुटला, पुन्हा निघाला, पुन्हा तुटला. खालून हसण्याचा गलका वर ऐकू आला. मग बऱ्याच उशिरानं ईरण्णा आला. ओठ निळे, डोळे बाहेर आलेले, छातीतून पिठाच्या जात्यासारखी घरघर. पोतं टाकताना तो गुडघ्यावर आला. हरिबाला वाटलं, संपलं. पण ईरण्णानं शंख ओठांना लावला आणि जो सूर निघाला तो कुठं हलला नाही, चिरकला नाही, लांबत लांबत खालच्या बाभळींच्या पलीकडं गेला. गावानं जयजयकार केला.

हरिबा त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता. त्यानं पोराचे फुगलेले गाल बघितले. छातीचा भाता वेगळाच, भराभर चाललेला बघितला. गालातली हवा शंखात सोडता सोडता पोरगा नाकानं नवी हवा ओढून घेत होता. पुरवंताच्या घरात हे पाळण्यातून शिकवतात; जत्रेत मिरवणूक वेशीत येईपर्यंत त्यांना सूर तोडायचा नसतो. शंख बाकी सगळ्यांचा दम सांगतो, पण या घरच्या पोराचा सांगत नाही. हरिबाला हे कळलं. कळलं आणि त्यानं ते गिळून टाकलं, कारण श्रीमंताच्या काटक्यांसारख्या हातांत निंगप्पाची मान मावत नव्हती. तो खाली आला आणि गडी ईरण्णा म्हणून सांगितलं.

लढतीच्या आदल्या दिवशी भर दुपारी दानम्मा त्याच्या दारात आली. पदर पसरला नाही, रडली नाही, उंबऱ्याशी बसली आणि सरळ बोलली.

"अण्णा, त्येच्या छातीत दम न्हाई. ल्हान हुतं तवा छाती भरली, मरता मरता वाचलंय. तवापासून चढ लागला की बसतंय. शंख गालानं वाजवायलंय ते. आमच्या घरचं लेकरू हाय, बसून सांजपातुर वाजवंल. तुमाला कळत न्हाई व्हय?"

हरिबानं तिला सांगितलं की गावानं ठरवलंय, आता गावापुढं जा. आणि दम लागायच्या आतच लढत संपेल, तुझ्या पोराचे हात तू बघितले नाहीस वाटतं. दानम्मा उठली. आत चुलीपाशी चंद्रभागाबाई होती तिच्याकडं एकदा बघितलं आणि गेली. ईरण्णाला हरिबानं संध्याकाळी गाठून विचारलं तर पोरगा हसला. लवकर सपवतो की वस्ताद, एवढंच म्हणाला. त्यालाही आपली छाती ठाऊक होती, पण अख्खं गाव ज्याच्या नावानं ओरडतंय त्यानं मला चढ चढवत नाही हे कुणाला सांगावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावं माळावर चढली. मातीच्या एका अंगाला चिंचगाव, दुसऱ्या अंगाला हुणसनाळ. निंगप्पा आता पोक्त झाला होता, कानांच्या पाळ्या चुरगळून गड्डे झालेल्या, पोट जरा सुटलेलं. तो येऊन मातीच्या पाया पडला आणि हात सैल सोडून उभा राहिला. हरिबानं उपरणं झटकून खांद्यावर घेतलं. त्याच्या तोंडाला कोरड पडली होती, पण ती भीतीनं नव्हे, आनंदानं.

ईरण्णा वळू सुटावा तसा सुटला. पहिल्याच धडकेत त्याचं कपाळ निंगप्पाच्या नाकावर बसलं आणि नाक चेंदलं. रक्त दोघांच्या छातीवर उडालं. त्यानं निंगप्पाला कमरेत धरून वर उचललं आणि मातीच्या कडेच्या मुरमाड खडकावर आपटलं. निंगप्पाचा खांदा निखळला. हात लोंबायला लागला तसा त्यानं स्वतःच तो जमिनीवर टेकवून, दात खाऊन, परत जागेवर बसवला. तेवढ्यात ईरण्णाची लाथ त्याच्या तोंडावर बसली. दोन दात त्यानं मातीत थुंकले. चिंचगाव वेडं झालं होतं. म्हातारी माणसं काठ्या आपटत होती. त्या घडीला ईरण्णानं त्याच्या बरगड्यांत गुडघे घातले असते, नाहीतर तो हात पुन्हा उपसला असता, तर लढत तिथंच संपली असती.

पण हरिबा ओरडला. "मान धर, ईरू. मान."

वस्तादाचा शब्द. ईरण्णानं मान धरली. निंगप्पानं हनुवटी छातीला चिकटवली, खांदे वर घेतले आणि तो पालथा पडून राहिला. ईरण्णा त्याच्यावर बसून हनुवटीखाली बोटं घालायला बघत होता, बोटं जात नव्हती. तो मुठींनी कानशिलं फोडत होता, केस धरून कपाळ मातीवर आपटत होता, पुन्हा बोटं घालत होता. एवढं सगळं अंगावर घेऊन निंगप्पा फक्त पडून होता. हरिबा 'मान, मान' म्हणत राहिला आणि गावही त्याच्यामागं म्हणायला लागलं.

मग ती घरघर सुरू झाली. आधी हरिबाला ऐकू आली, मग पुढच्या रांगेला. ईरण्णाचे ओठ निळे पडले. त्याच्या मुठी पडत होत्या, पण त्या ओल्या फडक्यासारख्या. त्यानं तोंड उघडून आभाळाकडं केलं आणि श्वास ओढायला बघितला. एवढ्याचीच वाट बघत होता निंगप्पा. तो खालून वळला.

पुढचं सांगायला नको वाटतं, पण सांगायला हवं. निंगप्पानं आधी अंगठा घातला तो ईरण्णाच्या डाव्या डोळ्यात. मग कोपर बरगड्यांवर, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, लाकूड फोडणारा माणूस एकाच चिरेवर घाव घालतो तसं. बरगडी मोडली ती मोडली, पण त्याचं कोपर थांबलं नाही. ईरण्णाच्या तोंडातून लाल फेस आला. त्याच्या हातांत ताकद होती अजून; एकदा त्यानं निंगप्पाचं बोट धरलं आणि उलटं मोडलं. पण ताकदीला हलायला वारा लागतो आणि तो वारा छातीत उरला नव्हता. निंगप्पानं त्याला उपडा केला, कमरेत गुडघा रोवला आणि हनुवटीखाली दोन्ही हात घातले.

आणि तो थांबला. त्यानं मान वर करून बघितलं. फुटलेलं नाक, रक्तानं भरलेलं तोंड, आणि डोळे थेट हरिबाच्या खांद्यावरच्या उपरण्यावर.

मागच्या वेळीही हा असाच थांबला होता. असंच वर बघितलं होतं. इतकी वर्षं हरिबानं ते बघणं उन्मत्तपणाचं धरून त्याच्यावर दात धरला होता. तो माणूस उपरण्याची वाट बघत होता. अंकुशच्या वेळीही बघत होता.

हरिबाचा हात उपरण्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. टाकायचं. पण आता टाकलं तर तेव्हा का टाकलं नाही? ईरण्णाचे दोन्ही हात त्याच्याच अंगाखाली दबलेले, शुद्ध हरपलेली; खूण करणं शक्यच नाही, आणि हे सगळं गाव बघतंय. संध्याकाळपर्यंत ते घरोघरी जाईल, चुलीपर्यंत जाईल. निंगप्पानं मान जराशी मागं ओढली, मग आणखी जराशी. अगदी सावकाश ओढत होता तो.

गर्दी मागून फुटली. दानम्मा आली होती. ज्या मातीकडं बाईनं बघायचंही नाही तिथं ती डोक्यावरचा पदर गेलेली, पाय काट्यांनी रक्ताळलेली धावत आली. माणसांनी हात आडवे घातले तर एकाला ती चावली. हरिबासमोर येऊन तिनं त्याचा उपरण्यावरचा हातच धरला.

"टाका," ती म्हणाली. "अण्णा, टाका ते. कामून थांबलाव?"

तिच्या पाठोपाठ, धापा टाकत, तिला परत न्यायला आली होती चंद्रभागाबाई. तिनं दानम्माला मागून कवळ घातली. समोर मातीत काय चाललंय ते तिनं बघितलं. पण आवाज तिनं शांत ठेवला, एखाद्या आजारी माणसाला समजावतात तसा.

"चल अक्का. त्येंच्या हातात न्हाई ते. लेकरानं हात आपटल्याबिगर वस्तादाला टाकाया येत न्हाई, रीत हाय. माज्या अंकुशाच्या येळंला बी आलं न्हाई."

भोवतीच्या माणसांनी, हुणसनाळकडच्यांनीही, एकेक करून हरिबाकडं बघितलं आणि मग नजर खाली घातली. दानम्मानं चंद्रभागाबाईकडं वळून बघितलं, आणि तिला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण सांगितलं नाही. त्या घडीला तिचं स्वतःचं लेकरू मरत होतं, तरी तिनं ते सांगितलं नाही.

मातीतून एक बारीक आवाज आला, वाळली काडी वाकल्याचा.

हरिबानं उपरणं टाकलं.

ते जड नव्हतं, नीट फेकलंही गेलं नाही, मातीच्या कडेलाच पडलं. निंगप्पानं हात लगेच काढले. ईरण्णाचं डोकं त्यानं आपटू दिलं नाही, तळहातावर घेऊन खाली ठेवलं आणि स्वतः बाजूला लवंडला. दानम्मा मातीत शिरली. पोराचं तोंड तिनं मांडीवर घेतलं, घशात बोट घालून रक्ताची गुठळी काढली. श्वास आला. शिट्टीसारखा, फाटका, पण आला.

मग चिंचगाव भानावर आलं. गवत गेलं होतं. समोर पुरा हिवाळा, उन्हाळा, आणि गोठ्यात हाडं वर आलेली जनावरं. कुणीतरी हरिबाच्या तोंडावर थुंकलं. एक दगड आला आणि त्याच्या कपाळावर फुटला. ज्याच्या पोराच्या पाठीत उसण भरली होती त्यानं पायातला जोडा काढून त्याच्या तोंडात मारला, दोनदा, तिसऱ्यांदा मारताना तोच रडायला लागला. हरिबा उभा होता तिथंच उभा राहिला. श्रीमंत मध्ये पडला आणि त्यानं लोकांना हटवलं.

तेवढ्यात शंख वाजला. निंगप्पाला दोघांनी धरून शिवेच्या दगडावर उभं केलं होतं. त्यानं फुटक्या ओठांनी फुंकलं. आवाज निघाला आणि तुटला. पुन्हा निघाला, पुन्हा तुटला. हरिबानं रक्त भरलेले डोळे मिटून घेतले. एवढ्या झुंजीनंतर ज्या छातीत दम उरतो तिचा शंख असाच वाजतो, तुटत तुटत. श्रीमंताचा असाच वाजला होता आणि गाव हसलं होतं. गडी ठरवताना अंकुशचाही असाच वाजला होता. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. हुणसनाळची गुरं खालून हंबरत वर चढायला लागली.

देवळातली बाज आणली. ईरण्णाला तिच्यावर घातलं. त्याचा डावा डोळा गेला होता आणि त्या बरगड्या पुढं कधी नीट सांधल्या नाहीत, पण तो जगला, म्हातारा होऊन मेला. बाज उचलायला पुरुष माणसं पुढं येईनात. ज्यांचं गवत गेलं त्यांना त्या बाजेला हात लावावासा वाटत नव्हता. श्रीमंतानं पुढचे दोन्ही खूर धरले, मागचा एक दानम्मानं.

चंद्रभागाबाई इतका वेळ जागची हलली नव्हती. ती मातीच्या कडेशी गेली, वाकून उपरणं उचललं आणि झटकलं. लाल माती उडाली. बाजेवरच्या पोराचे हात तिनं बघितले, अंगाखाली दबले होते तसेच अजून छातीशी मुडपलेले, मुठी वळलेल्या. तिनं ते एकेक करून सरळ केले. मग ती नवऱ्यापुढं येऊन उभी राहिली. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं, ते तिनं बघितलंही नाही.

"म्हंजी टाकाया येत हुतं," ती म्हणाली.

उत्तराची वाट तिनं बघितली नाही. उपरणं तिनं त्याच्या खांद्यावर परत ठेवलं, नीट, दोन्ही टोकं सारखी करून, आणि जाऊन बाजेचा मागचा राहिलेला खूर धरला.

"मी त्यालाच बोलत हुते," उतरणीला लागताना ती दानम्माला म्हणाली. "सणासुदीला, ताटापुढं बसून. त्यालाच बोलत हुते मी."